राउटर जिवंत, वाट बंद

प्रश्न : रावेर येथील आमच्या केळी व्यापाराच्या कार्यालयात दोन राउटर असून त्यांना दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट जोडलेले आहे. पहिला राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने काम हाती घ्यावे, अशी व्हीआरआरपीची व्यवस्था आहे. बसवताना पहिल्याची वीज बंद करून पाहिली, तेव्हा दुसरा चार सेकंदांत सुरू झाला होता. गेल्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात पहिल्याची फायबर तुटली, तेव्हा मात्र दुसरी जोडणी चालू असूनही तो जागचा हलला नाही आणि दुपारभर व्यवहार खोळंबले. राउटर सदोष आहे का?

उत्तर : दोन्ही राउटर निर्दोष आहेत. मांडणी मात्र अपुरी आहे.

कार्यालयातील संगणकांना गेटवे (बाहेर जाण्याचे दार) म्हणून दिलेला आभासी आयपी पत्ता एका वेळी एकाच, म्हणजे मास्टर राउटरकडे असतो. मास्टर दर सेकंदाला स्थानिक नेटवर्कवर आपल्या अस्तित्वाची सूचना पाठवतो, आणि ती सुमारे 3.6 सेकंद (बॅकअपची प्रायॉरिटी, म्हणजे ज्याचा मोठा तो मास्टर असा प्राधान्याचा आकडा, मूळची 100 असल्यास) आली नाही, तर बॅकअप राउटर तो पत्ता स्वतःकडे घेतो. वीज बंद केल्यावर सूचना थांबल्या, म्हणून आपली चाचणी यशस्वी झाली. फायबर तुटली तेव्हा राउटरची वीज आणि स्विचकडे जाणारी केबल शाबूत होती. त्यामुळे पहिला राउटर सूचना पाठवत राहिला आणि पुढे वाट नसतानाही सर्व रहदारी स्वतःकडे घेत राहिला. जोडीदार जिवंत आहे का, एवढेच व्हीआरआरपी पाहते.

यावर उपाय ट्रॅकिंगचा आहे, पण केवळ बाहेरच्या पोर्टवर लक्ष ठेवून भागत नाही, कारण फायबर बहुधा ओएनटीच्या (फायबरमधील प्रकाशसंकेत राउटरला समजणाऱ्या विद्युतसंकेतांत बदलणाऱ्या) पेटीत संपते आणि ती तुटली तरी पेटी व राउटर यांमधील पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. म्हणून पहिल्या राउटरला त्याच्याच जोडणीवरून इंटरनेटवरील दोन वेगळ्या पत्त्यांना सतत पिंग करायला (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहायला) लावावे आणि दोन्हींपैकी एकाकडूनही उत्तर आले नाही, तर त्याची प्रायॉरिटी आपोआप कमी व्हावी, अशी मांडणी करावी. येथे आकड्यांकडे नीट लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मास्टर 120 आणि बॅकअप 100 असताना 10 कमी केल्यास 110 उरतात आणि काहीच घडत नाही. 30 कमी केल्यास 90 होऊन बॅकअप पुढे येतो, अर्थात त्याचा प्रीएम्प्ट (आपली प्रायॉरिटी जास्त असल्यास चालू मास्टरकडून काम काढून घेण्याची सोय) चालू असेल तरच. आभासी पत्ता पहिल्या राउटरचा स्वतःचाच पत्ता असेल, तर त्याची प्रायॉरिटी 255 राहते व ती घटवता येत नाही. म्हणून तो वेगळा ठेवावा. फायबर जोडली गेल्यावर लगेच परतावे लागू नये, यासाठी पहिल्याच्या प्रीएम्प्टला दोन-तीन मिनिटांचा विलंब द्यावा.

जोडणी बदलताना बाहेरचा आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे अर्धवट राहिलेला बँकव्यवहार तुटेल व पुन्हा लॉगिन करावे लागेल. तो पुन्हा करण्यापूर्वी खात्यातील नोंद अवश्य पाहावी.

पुढची चाचणी गाड्या भरण्याच्या वेळेआधी घ्यावी, आणि तीत वीज बंद न करता ओएनटीत येणारी फायबरच काढून पाहावी.