नाडीवर बोटं, नजर छातीवर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज पहाटे पावणेचारला आलेला दिसला. म्हणजे नाईट चालू असणार. "सिस्टर, सगळं बरं चाललंय, पण कशातच जीव रमत नाही. इगतपुरीला जाऊन येऊ का?" एवढंच लिहिलंयस. दुसऱ्या कुणाला मी एका ओळीत उत्तर दिलं असतं. तुला सविस्तर लिहिते. एक तर मला आता वेळच वेळ आहे, आणि ट्रेनिंगच्या काळात चार्टवरच्या तुझ्या अक्षरावरून मी तुला फार बोललेय, त्याची थोडी भरपाई.

जाऊन ये. धम्मगिरीला मीही जाऊन आलेय, रिटायर झाल्यावर. इगतपुरीतलं गोएंका गुरुजींचं हे विपश्यना ध्यानाचं केंद्र १९७६ सालचं. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा-एक तास बैठक, बोलणं बंद, फोन-वही-पुस्तक सगळं जमा. फी नाही, शेवटी वाटलं तर दान. चारच्या घंटेचं बाकीच्यांना केवढं दडपण आलं होतं! आपल्याला काय त्याचं, आपण त्या वेळेला इंजेक्शनचे ट्रे लावतो.

पहिले तीन दिवस एकच काम: नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. लांब करायचा नाही, आखूड करायचा नाही, आहे तसा. दुसऱ्या दिवशी मला बसल्या बसल्या हसू आलं. श्वासाकडे बघायला गेलं की तो बदलतो, हे तर मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं!

तुला टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजणं, शिकवलं तो दिवस आठव. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं. अंगठा लावायचा नाही. त्याला स्वतःची नाडी असते, पेशंटची समजून आपलीच मोजून बसशील. ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मिनिट झालं तरी हात सोडायचा नाही. बोटं तिथेच ठेवून नजर गुपचूप छातीवर न्यायची. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चाललीये. कारण सिस्टर आपला श्वास मोजतेय हे त्याला कळलं, की तो मोठमोठे श्वास तरी घेतो नाहीतर रोखूनच धरतो. मग चार्टवर काय लिहायचं?

शांत वाटण्याचंही मला असंच दिसतं. 'आता वाटतंय का, आता तरी वाटतंय का' करत शांतीकडे टक लावून बसलीस, की ती बिचकते. बोटं दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावर हवीत.

एक रात्र सांगते. मेडिकल वॉर्ड, खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या. कोपऱ्यात एक म्हातारे शेतमजूर, धाप लागून आलेले. हात असा की भेगांमध्ये माती कायमची बसलेली, साबणानेही न निघणारी. नाडी अडखळत होती. तीन ठोके नीट, मग एक गायब, मग दोन घाईघाईने. असल्या नाडीला घाई चालतच नाही. घड्याळाचा काटा फिरत होता, पलीकडे सलाईन संपलेलं कुणीतरी ओरडून सांगत होतं, आणि मला त्या मिनिटात दुसरं काही ऐकूच आलं नाही. पुढचा ठोका येतो की नाही, एवढंच. मिनिट संपलं तसे आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "मोजलं का बाई? किती उरलेत?"

"पुष्कळ आहेत. झोपा." मी म्हटलं, आणि ते खरंच झोपले. मीही हलकी होऊन सलाईन बदलायला गेले. त्या वेळी याला काही नाव द्यावं असं मनातसुद्धा आलं नाही. इगतपुरीत डोळे मिटून बसल्यावर इतक्या वर्षांनी तेच मिनिट वर आलं.

आता मॉनिटरवर आकडा दिसतो. मॉनिटरला मी नावं ठेवत नाही, त्याने किती जणांना वाचवलंय ते तूही बघितलंयस. पण आकडा बघायला हात धरावा लागत नाही. तेव्हा एका ड्यूटीत एक पेशंट, पूर्ण एक मिनिट, बोटांनी. गोड बोलणारा पेशंट निवडू नकोस. सारखी बेल दाबून जीव नकोसा करणारा असतो ना, तो निवड.

माझी आई माढा तालुक्यातली. तिकडे अरणला सावता माळ्यांची समाधी आहे. पंढरपूर त्याच जिल्ह्यात, तरी हा माणूस मळा सोडून वारीला गेला नाही म्हणतात, आणि आजही विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. त्यांच्या अभंगात कांदा, मुळा, कोथिंबीर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्यातली मोट आणि नाडा जास्त आवडतात. अवजारंही सोडली नाहीत त्यांनी. पण मळा त्यांचा स्वतःचा होता, हे विसरू नकोस. 'काम हीच पूजा' हे साहेबाच्या तोंडून आलं की सावध व्हायचं. १२ मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल आणि सेवेवर भाषण, आणि त्याच महिन्यात डबल ड्यूटीचे पैसे अडकलेले, हे मी भोगलंय. भांडून घ्यायचे ते पैसे. भांडल्याने मनाची शांती बिंती काही जात नाही.

आणि प्रत्येक क्षणात अर्थ शोधायचीही गरज नाही. नाईट करून सकाळच्या लोकलला लटकणं यात कसलाही अर्थ नाही, ती नुसती गर्दी आहे.

एक मात्र नीट बघ. जीव रमत नाही म्हणतेस, ते कधीपासून? ऑफच्या दिवशीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखव. पेशंटला हेच सांगतेस ना? शिबिराच्या अर्जातही मानसिक त्रास आणि चालू औषधं विचारतात. खरं लिही.

हो, आणि परत आल्यावरचं सांगायचं राहिलं. अकराव्या दिवशी कसारा घाट उतरताना मी अगदी तरंगत होते. घरी दुसऱ्याच पहाटे गॅसवर दूध ठेवून डोळे मिटून बसले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं, आणि मी यांच्यावर जी ओरडले, शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. हे म्हणाले, "झाले का दहा दिवस?"

तेव्हा रजा टाकताना हिशोब नीट कर. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी हजर व्हायचं आणि अकराव्या सकाळी सुटायचं, म्हणजे बारा दिवस धर. शक्य असेल तर वर एक दिवस ठेव, उतरल्या उतरल्या नाईट घेऊ नकोस. अर्ज पुढच्या महिन्याचा तक्ता लागायच्या आत दे, नंतर इन्चार्ज ऐकत नाही.

तुझी,
सिस्टर