रिसीव्हर मिक्सरला जोडण्याआधी

वायरलेस माइकसाठी ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (खूप मोठा आवाजही न फाटता टिपणारा) घेतलास, छानच. पण आवाज ट्रान्समीटरमध्येच (नटाच्या अंगावरच्या, रिसीव्हरकडे आवाज पाठवणाऱ्या डबीत) फाटला तर रेकॉर्डर तो दुरुस्त करू शकत नाही. म्हणून नटाला सीनमधलं सर्वांत चढं वाक्य पूर्ण ताकदीनं म्हणायला लाव, ट्रान्समीटरचा गेन (आवाज किती वाढवायचा ते) त्यावर बसव आणि मगच मिक्सरकडे वळ. रिसीव्हरचं आउटपुट लाइन लेव्हलला (माइकपेक्षा जोरकस सिग्नल) असेल तर मिक्सरचं इनपुटही लाइनवरच ठेव, फॅन्टम पॉवर (मिक्सर केबलमधून माइकला देतो ती वीज) बंद कर.

मोकळी फ्रिक्वेन्सी शोधायला स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद हवेत, नाहीतर तेच अडथळा म्हणून दिसतात. नंतर सगळे एकत्र चालू करून प्रत्येक चॅनल हेडफोनवर ऐक. माणसाचं शरीर यूएचएफ लहरी (ज्यांवरून हा आवाज जातो त्या रेडिओ लहरी) अडवतं, त्यामुळे सिग्नल तुटला तर आधी रिसीव्हरची बॅग नटाजवळ ने. जेवणाच्या सुट्टीत बॅटऱ्या बदलच, चार्ज शिल्लक दिसला तरी.