सूड घ्यायचा कुणावर?

प्रश्न : सिनेमात बंडखोर तुरुंगातून सुटतो आणि फितुराला हुडकून संपवतो. केनियात इंग्रजांविरुद्ध झालेल्या माउ माउ बंडात हजारो माणसं फितुरीपायी कैदेच्या छावण्यांत गेली म्हणतात. स्वातंत्र्यानंतर त्यांनी हिशेब चुकते केले का? त्यात आपलं कुणी होतं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सिनेमावाल्यांचं बरं असतं, त्यांच्या फितुराला चेहरा असतो. केनियात ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी लागली आणि बंडखोर ज्या जमातीतले बहुतेक, त्या किकुयू माणसांची छाननी सुरू झाली. खबऱ्याच्या डोक्यावरून गोणपाटाचं पोतं चढवायचं, डोळ्यांपुरती दोन भोकं. समोरून रांग सरकायची. पोत्यानं मान हलवली की माणूस छावणीत. आत चुलतभाऊ होता की शेजारी, कळायचं नाही. सुटल्यावर जाब विचारणार कुणाला?

उघडपणे इंग्रजांकडून लढलेल्या होमगार्डांची नावं मात्र गावाला पाठ होती. पण बंडखोर छावणीत असतानाच गावोगावी जमिनींचं एकत्रीकरण उरकलं होतं आणि चांगले तुकडे बहुधा इंग्रजांच्या मर्जीतल्यांच्या नावावर चढले होते. १२ डिसेंबर १९६३ ला झेंडा बदलला. नवे पंतप्रधान जोमो केन्याटा यांचं सांगणं एकच : झालं गेलं विसरा. तुरुंगवास त्यांनीही भोगला होता, पण बाहेर आल्यावर त्यांना खुर्ची मिळाली. ज्याची जमीन गेली त्यानं काय विसरायचं? काही बंडखोर जंगलातच राहिले. त्यांतल्या जनरल बाइमुंगीला १९६५ साली स्वतंत्र केनियाच्याच सरकारनं मारलं. माउ माउवरची बंदी उठायला तर २००३ उजाडलं!

पुढे छळ सोसलेल्या म्हाताऱ्यांनी लंडनच्या कोर्टात ब्रिटिश सरकारवर दावा लावला. २०१३ मध्ये ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांवर तडजोड झाली. हिशेब म्हणायचा तर हा, आणि तोही इंग्रजांशी. गावातला तसाच राहिला.

आपलं म्हणाल तर पिओ गामा पिंटो. आईबाप गोव्याचे, जन्म नैरोबीचा. तरुणपणी मुंबईत गोवामुक्तीच्या कामात होता, परत गेल्यावर माउ माउंना मदत केली म्हणून १९५४ मध्ये पकडला गेला. स्वातंत्र्यानंतर खासदार झाला, तरी जमिनीचा प्रश्न त्यानं सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ ला राहत्या घराच्या फाटकाशीच त्याला गोळ्या घातल्या. धाकटी मुलगी गाडीत मागे बसलेली होती. एका तरुणाला शिक्षा झाली, तो २००१ साली सुटला आणि शेवटपर्यंत 'मी नव्हे' म्हणत राहिला. मारायला कुणी सांगितलं, ते कोर्टापुढे आलंच नाही.