इंजिन ऑइल मॅक्सच्या वर बोटभर गेलंय, गाडी चालवू का?

तुम्ही लिहिलंय की रविवारी घरीच ऑइल बदललं, आता डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) मॅक्सच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या खुणेच्या, वर बोटभर दिसतंय, आणि शेजारचे काका म्हणतायत, "चालव बिनधास्त, जास्तीचं आपोआप जळून जाईल." काकांना म्हणावं, तुमच्या गाडीत ओततो, चालेल?

चालवू नका. काढा. कसं ते खाली सांगतो. पण "जास्त झालं तर बिघडलं कुठे" या एका वाक्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं २०१८ पासून वाजलेलं आहे, त्यामुळे आधी ते.

भांडुपला आमची २०११ ची वॅगनआर होती, दोघांनी मिळून सेकंडहँड घेतलेली. मे महिना, दुसऱ्या दिवशी पेणला मावसभावाची हळद. दादा म्हणाला, गॅरेजवाल्याला कशाला पैसे घालायचे, आपणच बदलू. फिल्टर आणि वॉशर मी कुर्ल्याहून आणले, साडेतीन लिटरचा कॅन त्याने आणला. त्या इंजिनाला लागतं तीन लिटरच्या आसपास. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, हे लक्षात ठेवा, कारण तो आता नाही म्हणतो.

पुढचं डावं चाक तेवढं जॅकवर उचललेलं. (तसं करून खाली शिरू नका. जॅक सरकला तर माणूस जातो. आम्ही शिरलो होतो.) इंजिन थंड. गरम करून काढावं एवढी अक्कल होती, पण सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते, फरशीवर काळा डाग पडायच्या आत उरकायचं होतं. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट काढला, धार आली, धारेचं सुतळीएवढं झालं, मग थेंब. दादा म्हणाला, "झालं." मी म्हटलं थांब जरा, गाडी तिरकी आहे, एका कडेला साठलं असेल. "तुझं प्रत्येक गोष्टीत थांबच असतं," म्हणून त्याने बोल्ट आवळला.

मग पाण्याची बाटली कापून केलेल्या नरसाळ्यातून ओतणं सुरू. तीन लिटर गेल्यावर मी म्हटलं बास. कॅनमध्ये अर्धा लिटर उरलं होतं. त्यावर दादाचं वाक्य, अक्षरशः: "अर्धा लिटर माळ्यावर ठेवून लोणचं घालणारेस? कमी पडण्यापेक्षा जास्त बरं." आणि कॅन उलटा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत झटकला.

डिपस्टिक बघितली तर वरपर्यंत ओली. नवीन ऑइल मधासारखं, उजेडात धरूनही नीट कळत नाही. दादा म्हणाला, आत्ताच ओतलंय, नळीच्या कडेला लागलेलं दिसतंय, खाली उतरेल. आता हे अगदीच चुकीचं नाही, आणि म्हणूनच मी गप्प बसलो.

सकाळी ऐरोलीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो. आईला आधी वास आला. "काहीतरी करपतंय रे." आरशात बघतो तर मागची गाडी दिसेना. निळसर पांढरा धूर, त्याला तो तेलकट कडवट वास, आणि मागून हॉर्नचा जल्लोष. नाका ओलांडताना ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला. मी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. दादा म्हणत होता, "नवीन ऑइल आहे, सुरुवातीला जळतं थोडं."

टो करून रबाळ्याला एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने ऑइल बघितलंच नाही, थेट एअर फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टर वडापावच्या कागदासारखा तेलात निथळत होता. त्याने आमच्याकडे बघून विचारलं, "कितना डाला?" मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "पूरा." मॅक्सच्या खुणेपर्यंत आणायला सव्वा लिटर काढावं लागलं, मापातून मोजून दाखवलं त्याने. अर्धा लिटर दादाने ओतलेलं. उरलेलं पाऊण लिटर म्हणजे तिरक्या गाडीत राहिलेलं जुनं. म्हणजे तेही त्याचंच.

झालं काय, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, तेलाच्या वर फिरायला हवा, तेलात नाही. पातळी चढली की त्याची वजनं तेलात आपटतात आणि रवीने ताक घुसळावं तसा फेस काढतात. पंप फेस ओढतो, म्हणजे निम्मी हवा; बेअरिंगपर्यंत दाब पोहोचत नाही, म्हणून दिवा. गंमत बघा, जास्त तेल घालून इंजिन तेलावाचून मरतं. फेसाचे शिंतोडे ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडायच्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये, तिथून सिलिंडरमध्ये, आणि जळून बाहेर. काकांचं "आपोआप जळून जाईल" ते हेच. जाताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा) थर ठेवून जातं, आणि त्याची किंमत विचारू नका.

आता तुमचं काम. आधी गाडी खरंच सपाट जागी आहे का बघा. सोसायटीच्या पार्किंगला पाण्याचा उतार असतो. मिनिटभर चालू करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, स्टिक पुसून परत घाला. नवा फिल्टर रिकामा असतो, तो स्वतःपुरतं पिऊन घेतो, पातळी थोडी उतरते. बऱ्याच गाड्यांत मिन (खालची खूण) ते मॅक्स म्हणजे लिटरभर, छोट्यांत जरा कमी. त्या हिशेबाने बोटभर म्हणजे अर्धा लिटर सहज. मेडिकलमधून साठ मिलीची सिरिंज आणि डिपस्टिकच्या नळीत उतरेल अशी बारीक नळी घ्या. आमच्या मेडिकलवाल्याने विचारलं होतं, पेशंट कोण. ऑइल कोमट असताना ओढा, थंड येत नाही आणि फार गरम असलं तर नळी मऊ पडते. आठ-दहा सिरिंज ओढा, मोजा, परत बघा. खालचा बोल्ट किंचित सैल करून सोडता येतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात बोल्ट आणि कोपरापर्यंत ऑइल असं होतं.

काढलेलं गटारात ओतू नका. गॅरेजात विचारा, बहुतेक घेतात. आमचं आधीचं काळं ऑइल शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवरच्या माणसाने आनंदाने नेलं, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला.

दादाचं म्हणणं, काही झालं का गाडीला? झालं. चार महिन्यांनी क्रँकचं मागचं सील गळायला लागलं. सील किरकोळ किमतीचं, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच चार हजार. अर्धे त्याने दिले नाहीत. म्हणे सील सात वर्षांचं होतं, जाणारच होतं. खरं सांगायचं तर, असेलही. ऑइलमुळेच गेलं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण सव्वा लिटर त्याच्यासमोर मापात मोजलं होतं ना?

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मॅक्सच्या वर दोन-तीन मिलिमीटरच असेल तर सिरिंजचा खटाटोप करू नका, राहू द्या. डिझेल असेल तर मात्र माझ्या टोलनाक्यासारखा प्रयोग अजिबात नको. आत गेलेलं ऑइल तिथे इंधनासारखं पेटतं आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, असंही होतं. बीएस सहाची डिझेल असून काही न ओतता पातळी वाढत असेल तर ते वेगळं: ट्रॅफिकमध्ये डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची, सफाई अर्धवट राहते आणि डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा ऑइलच बदलायचं. पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर पातळी वाढली आणि रंग दुधाळ झाला, तर चालूही करू नका. आणि ॲक्टिव्हावाल्यांनो, बाटली आहे म्हणून अख्खी ओतू नका, तुमच्या मॉडेलला किती लागतं ते आधी पुस्तिकेत बघा.

उरलेल्याला घट्ट झाकण लावून ठेवा. माझ्या माळ्यावर असे तीन कॅन आहेत. दादा गणपतीत आला की मान वर करून बघतो, आणि आई लगेच विषय बदलते.