खोल पाण्यातला पिक्चर अन् तो उंदीर

प्रश्न: दादा, रविवारी रूमवर 'द अबिस' पाहिला, जेम्स कॅमेरॉनचा, 1989 चा. त्यात उंदराला गुलाबी पाण्यात बुडवतात अन् तो आतमध्येच श्वास घेते, हे खरं आहे का ग्राफिक्स? अन् एवढी फाटली असताना समुद्राच्या तळाशी अडकलेले ते डायव्हर लोक सरळ वर काऊन नाही येत?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: उंदीर खराच होता भाऊ! ते पाणी नाही, फ्लुरोकार्बन नावाचं द्रव, त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो म्हणून फुप्फुसात गेलं तरी जीव तगतो. पिक्चरमध्ये हिरोही तेच द्रव श्वासात घेतो, पण त्यानं मात्र हेल्मेटमध्ये श्वास रोखून धरला होता, तेवढी अ‍ॅक्टिंग. उंदराची ती तडफड पाहून मला काही मजा आली नाही, ब्रिटनमध्ये तर तो सीन कापलाच होता.

आता वर यायचं. बर्डीवर सोडा घेता ना, झाकण उघडलं की फस्सकन बुडबुडे येतात, बस तसंच रक्तात होते. दर 10 मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढत जातो, श्वासातला वायू रक्तात अन् अंगात मुरतो, अन् माणूस पटकन वर आला की त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही. शेकडो मीटर खाली राहिलेल्या डायव्हरला दाब हळूहळू कमी करत बाहेर काढायला कित्येक दिवस लागतात, म्हणजे दार समोर आहे पण निघता येत नाही, खरी धडधड तिथंच आहे, एलियन वगैरे नंतरचं.

अन् शूटिंग समुद्रात नाही बरं, अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात अर्धवट सोडलेल्या अणुवीज प्रकल्पाच्या टाकीत पाणी भरून केलं होतं!