दुष्काळात किंवा साथीच्या काळात श्रद्धेचा गरिबांना प्रत्यक्ष उपयोग होतो का?

संकटकाळात श्रद्धा गरिबाच्या कामी येते, की ते श्रद्धावानाचे केवळ मानसिक समाधान असते, असे आपण विचारले आहे. ती कामी येते असे मी मानतो. मात्र श्रद्धावान माणूस काय देतो, यापेक्षा तो कशावरचा हक्क सोडतो, यावर ते अवलंबून असते.

तुकाराम महाराजांचेच पाहा. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. परंपरा सांगते की, घरातील कर्जखते त्यांनी भाऊ कान्होबा यांच्याबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. कीर्तनातून हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो, परंतु तो कर्जदाराच्या बाजूनेही पाहायला हवा. ज्याचे बैल मेले, ज्याने पोटासाठी बियाणेसुद्धा खाल्ले, त्याला मूठभर धान्याने चार दिवस निभावता येतात. कर्जखत बुडाले तर मात्र पाऊस पडल्यावर हाती येणारे पहिले पीक त्याच्याच घरात राहते. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हेही मला फार महत्त्वाचे वाटते, कारण दुसऱ्याच्या पदरचे देऊन पुण्य जोडणे सोपे असते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची श्रद्धा वेगळ्या वळणाची होती. सर्वांचा निर्मिक, म्हणजे निर्माता, एकच आणि त्याच्याशी बोलायला मध्यस्थ नको, असे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे लोक मानत. १८७७ च्या दुष्काळात फुले दांपत्याने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये, लोक घरच्या रुग्णाजवळ जायलाही धजत नव्हते तेव्हा, सावित्रीबाई रुग्णांना आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता जवळचे सांगतो. २०२० च्या चैत्रात टाळेबंदीमुळे आमच्या गावचा हरिनाम सप्ताह रद्द झाला आणि काल्याच्या महाप्रसादासाठी जमवलेला शिधा देवळातच पडून राहिला. त्याच वेळी शिवारात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या अडकल्या होत्या. सप्ताहातील जाणत्या माळकऱ्यांनी गव्हाचे पीठ, तूरडाळ, तेल, मीठ आणि मिरची अशा पिशव्या भरून दिवेलागणीनंतर मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पोहोचवल्या. फोटो काढायचा नाही आणि शिजवलेले अन्न वाटायचे नाही, असे दोनच नियम त्यांनी घातले. ज्या बाईची स्वतःची चूल पेटलेली आहे तिला ताट घेऊन रांगेत का उभे करायचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला आजही पूर्णपणे पटते.

तरीही त्या पिशवीने मजुरांचे मूळ दुखणे हलले नाही. प्रत्येक जोडप्याच्या डोक्यावर मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल होती; उचल म्हणजे मजुरीपोटी हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. हंगाम अर्धवट राहिला की ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षी आणखी वाढते. मुकादमांपैकी काही जण माळकरी होते आणि आषाढीला पंढरीलाही जाणारे होते, पण उचलीतला एक रुपयाही कोणी सोडल्याचे माझ्या कानावर आले नाही. मुकादमही कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो, हे मला मान्य आहे. तरी त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरता निर्णय त्याच्याच हातात असतो.

म्हणून आपल्या गावात सप्ताह होत असेल, तर अन्नदान अवश्य करा, पण दुकानदार, जागामालक आणि मुकादम एकत्र बसलेले असतील तेव्हा आणखी एक गोष्ट विचारा: या वर्षी कोणाची उधारी, कोणाचे भाडे आणि कोणाची उचल आपण सोडू शकतो?