हवामानबदलावरच्या कादंबऱ्या मुलांच्या हातून काढून घ्याव्यात का?

“मुलगी सारखी हवामानबदलावरच्या कादंबऱ्या वाचते आणि म्हणते, जगच बुडणार असेल तर अभ्यास कशासाठी? ही पुस्तके बंद करू का?” समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न अलीकडे इतक्या पालकांनी विचारला आहे की, चिपळूणच्या एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडावासा वाटतो.

मुलगी दहावीत होती. सॅसी लॉइड यांची ‘द कार्बन डायरीज २०१५’ ही २००८ सालची कादंबरी तिने पुनःपुन्हा वाचली होती. ब्रिटनमध्ये प्रत्येकाच्या कार्बनवापरावर शिधावाटपासारखी मर्यादा आल्यानंतर लंडनमधील सोळा वर्षांच्या लॉराचे काय होते, याची ती रोजनिशी आहे. “मॅडम, २०५० साली मी चाळिशीला टेकलेली असेन. तेव्हा आमचं गाव तरी असेल का?” असे तिने पहिल्याच भेटीत विचारले. वडिलांना वाटत होते की मी तिची समजूत घालावी. मी तसे केले नाही, कारण तिच्या काळजीला खरा आधार होता आणि “असे काही होत नसते” हे वाक्य तिला खोटेच वाटले असते.

माझा कल कथनोपचार (नॅरेटिव्ह थेरपी) ही समुपदेशनाची पद्धत मांडणाऱ्या मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या विचाराकडे आहे. माणूस स्वतःची जी एकच गोष्ट सांगत राहतो, तिच्यात न मावलेले पुष्कळ काही त्याच्या आयुष्यात घडलेले असते आणि ते त्याच्यासोबत शोधायचे असते, असे मी मानते. म्हणून मी कादंबरीबद्दलच विचारत राहिले.

“या गोष्टीत मोठी माणसं काय करतात?”

ती थांबली. “लॉराचे आईबाबा स्वतःच कोलमडलेले असतात. सगळं मुलांनाच निभवावं लागतं.”

“आणि तुझ्या घरी?”

“घरी यावर कुणी बोलतच नाही.”

येथे मला गाठ सापडली. वयात येण्याच्या कथेत लेखकाला मोठ्यांना बाजूला सारावेच लागते; आईवडिलांनीच सारे निस्तरले तर नायिकेला वाढायला जागा उरत नाही. ही कथेच्या घाटाची गरज आहे, पण घरातले मौन तिला दुजोरा देत असल्यामुळे या मुलीने ती जगाची वस्तुस्थिती मानली होती. तिला पुरापेक्षा एकटेपणाचे भय अधिक होते. भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील दहा हजार तरुणांच्या २०२१ च्या पाहणीत ५९ टक्के जण हवामानबदलामुळे अतिशय चिंतित आढळले आणि सत्तेवरच्या मोठ्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडल्याची भावना या त्रासाशी जोडलेली दिसली. माझ्या खोलीतही मला तेच दिसत होते.

पुढच्या भेटीत मी वडिलांना २२ जुलै २०२१ बद्दल विचारले. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले त्या दिवशी मुलगी आजोळी होती. बऱ्याच वेळाने ते बोलू लागले: शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेणे, अंधारातली रात्र, नंतर दुकानातला चिखल फावड्याने उपसणे.

मुलीने मध्येच विचारले, “म्हणून दुकानातला स्विचबोर्ड एवढा उंच आहे?”

“पाणी जिथवर चढलं होतं, त्याच्या हातभर वर बसवून घेतला. मीटरही वर नेला.”

“बाबा, तुम्ही हे कधीच सांगितलं नाहीत.”

“तू घाबरशील म्हणून.”

ती रडली, पण त्यानंतर प्रश्न विचारत राहिली: कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, पुन्हा पाणी आले तर आजींना कोण नेणार. कशाला जगायचे या प्रश्नाची जागा काय करायचे या प्रश्नाने घेतली होती. समुपदेशक म्हणून अशा क्षणांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तेव्हा पालकांनो, पुस्तके काढून घेऊ नका. तीच पुस्तके तुम्हीही वाचा आणि त्यातली मोठी माणसे तुम्हाला कशी वाटली, ते मुलांना सांगा. आपल्या घराने, गावाने पूर आणि दुष्काळ कसे झेलले, त्यानंतर काय बदलले आणि काय राहून गेले, हे न लपवता सांगा. मुलांच्या वयाला झेपेल असे पुस्तक निवडायलाही हरकत नाही. बिजल वछरजानी यांच्या ‘अ क्लाउड कॉल्ड भुरा’मध्ये मुंबईवर तपकिरी ढग पसरतो, आणि त्याला सामोरी जाणारी शाळकरी मुले एकमेकांच्या सोबतीने ते करतात. मात्र झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल किंवा मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर ती पुस्तकाची बाब राहत नाही. त्या वेळी विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.